संमिश्र आव्यूहांचे अवयव आणि किल्लारीची भूमि

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटेस, चार वाजण्यास कांहीं मिनिटें अवकाश असतांना, लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमि हादरली. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून गांवें उशिरां निजलीं होतीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर उन्हाळ्यांत गारवा देणारें जाड मातीचें माळवद, ही या भागांतील घराची पिढीजात रीत. त्याच माळवदांनीं त्या पहाटेस घात केला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं मिळून बावन्न गांवें उद्ध्वस्त झालीं, आणि मृतांचा आंकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. भूकंपाची महत्ता सुमारें ६.२ होती. एवढ्या महत्तेचे धक्के जगांत दर वर्षीं अनेक बसतात. परंतु त्यांतील बहुतेक समुद्राखालीं किंवा ज्यांचा भूकंपप्रवण म्हणून आधींच लौकिक आहे अशा पर्वतराजींत बसतात.

लातूरचा तसा लौकिक नव्हता. त्या काळच्या भारतीय मानकाच्या नकाशांत हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक पट्ट्यांत दाखविलेला होता. पुढें २००२ सालच्या आवृत्तींत तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यांत गेला. १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपाचें कारण निदान धरणाच्या जलाशयांत शोधतां आलें होतें. किल्लारीस १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लहान धक्के बसून गेले होते, पण त्यांवरून पुढचें भाकित करावें एवढें ज्ञान कोणापाशींहि नव्हतें. तेव्हां शोककाल सरण्यापूर्वींच शास्त्रज्ञांपुढें प्रश्न उभा राहिला तो असा कीं, स्थिर समजल्या गेलेल्या या पठाराखालीं आहे तरी काय?

प्रश्न सोपा, पण उत्तर काळ्या पाषाणाखालीं झांकलेलें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनीं मराठवाड्याची मूळ भूमि पार लपवून टाकली आहे. किल्लारीजवळ पुढें एक खोल विंधणविहीर घेण्यांत आली. तिनें ३३८ मीटर बेसाल्ट भेदला, त्याखालीं अवघा ८ मीटरांचा गाळाचा थर ओलांडला आणि मग प्राचीन स्फटिकमय खडकांत शिरून ६१७ मीटरांवर ती थांबली. भूकंपाचा उगम मात्र कित्येक किलोमीटर खोल. तेथवर लोखंडी पातें पोंचविणें शक्य नव्हतें. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें जीं साधनें या भागांत आणलीं, त्यांत भूविद्युत्-चुंबकीय मापन हें एक प्रमुख होतें. या साधनाची सारी भिस्त गणिताच्या अशा एका प्रकरणावर आहे कीं, ज्याचा भूकंपाशीं कांहीं संबंध असेल असें सकृद्दर्शनीं कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. तें प्रकरण म्हणजे संमिश्र संख्यांच्या आव्यूहांचे अवयव पाडणें.

मापनाची रीत अगदीं साधी आहे. पृथ्वीभोंवतीं विजेच्या व चुंबकत्वाच्या मंद लहरी अहोरात्र चालू असतात. त्यांतील जलद लहरी जगांत कोठें ना कोठें चमकणाऱ्या विजांपासून निघतात, आणि संथ लहरी सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळें उठतात. या लहरी जमिनींत शिरल्या म्हणजे तेथें क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. शेतांत चार कोपऱ्यांना विद्युदग्र पुरून उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असे विद्युत्क्षेत्राचे दोन घटक मोजावयाचे, तारेच्या लांब वेटोळ्यांनीं चुंबकीय क्षेत्राचे घटक मोजावयाचे, आणि दोहोंचें परस्परांशीं नातें काढावयाचें. रशियांत टिखोनोव्ह यांनीं १९५० सालीं व फ्रान्समध्यें कान्यार यांनीं १९५३ सालीं ही कल्पना मांडली. लहर जितकी संथ तितकी ती खोल जाते. जमिनीचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर धरला, तर एका सेकंदाच्या आवर्तकालाची लहर सुमारें ५ किलोमीटर आणि शंभर सेकंदांची सुमारें ५० किलोमीटर खोलीची वार्ता आणते. किल्लारीच्या उगमाची खोली या पल्ल्यांत सहज बसते.

आतां या नात्यांत संमिश्र संख्या कोठून आल्या, तें पाहिलें पाहिजे. ऋण संख्येला वर्गमूळ नाहीं, कारण ती कोणाचा वर्गच नव्हे, असें भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत सांगून ठेवलें; आणि त्यांच्या संख्यासृष्टीपुरतें तें निखालस खरें आहे. सोळाव्या शतकांत इटलींतील बोंबेल्लीनें घनसमीकरणें सोडवितांना या नसलेल्या मुळांनाच कामाला लावलें, आणि १५७२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले. पुढें ध्यानांत आलें कीं, ऋण एकाच्या वर्गमुळानें गुणणें म्हणजे सपाटीवर काटकोनांतून वळणें. ज्या राशीला मोठेपणा आहे आणि शिवाय मागेंपुढें असणेंहि आहे, तिला या संख्येसारखें दुसरें वस्त्र नाहीं. विद्युत्क्षेत्राची लहर आणि चुंबकीय क्षेत्राची लहर एकाच क्षणीं शिखर गांठीत नाहींत. जमीन सर्वत्र एकजिनसी असती, तर दोहोंत बरोबर ४५ अंशांचें अंतर पडलें असतें. खालीं अधिक वाहक थर असला कीं हें अंतर वाढतें, अधिक रोधक असला कीं घटतें. म्हणजे पाताळाची बातमी केवळ लहरींच्या उंचींत नसून त्यांच्या वेळेच्या फरकांतहि असते. दोन्ही गोष्टी एकाच संख्येंत सांठवावयाच्या, तर ती संख्या संमिश्रच हवी.

दोन विद्युत् घटक आणि दोन चुंबकीय घटक, यांना जोडणाऱ्या संख्या चार. त्या दोन ओळी व दोन स्तंभ अशा मांडल्या म्हणजे झाला आव्यूह, ज्याला इंग्रजी परिभाषा मॅट्रिक्स म्हणते. प्रत्येक ठिकाणीं, प्रत्येक आवर्तकालाला असा एक आव्यूह हातीं येतो. परंतु चार संमिश्र संख्यांकडे नुसतें पाहून खडकाविषयीं कांहींहि कळत नाहीं. शाळेंत मुलाला ९१ ही संख्या दिली तर तो तिचे ७ आणि १३ असे अवयव पाडतो व तिचा स्वभाव ओळखतो. तेंच येथें करावयाचें असतें. ३ आणि ४ या भागांनीं बनलेली संमिश्र संख्या घेतली, तर तिचे दोन अवयव पडतात: पांच हा मोठेपणा आणि ठराविक कोनांतून एक वळण. आव्यूहाचेहि असेच अवयव पडतात. एक वळण, मग दोन परस्परलंब दिशांना दोन निरनिराळे ताण, आणि पुन्हां एक वळण. त्या ताणांच्या मापांना सिंग्युलर मूल्यें म्हणतात. आव्यूह कितीहि मोठा असो, चौरस असो वा नसो, हे अवयव नेहमीं पडतात. आणि या एका गोष्टीमुळें गणितज्ञांनीं या विघटनाला जो मान दिला आहे तो यथायोग्यच म्हटला पाहिजे.

संमिश्र संख्यांच्या राज्यांत मात्र एक चकवा आहे, आणि भल्याभल्यांनीं त्यांत ठेंच खाल्ली आहे. साध्या भूमितींत लांबीचा वर्ग म्हणजे घटकांच्या वर्गांची बेरीज. एक घटक १ आणि दुसरा ऋण एकाचें वर्गमूळ असेल, तर वर्गांची बेरीज एक उणें एक, म्हणजे शून्य! बाण डोळ्यांसमोर आहे आणि त्याची लांबी शून्य! ही आपत्ति टाळण्यासाठीं प्रत्येक घटकाला त्याच्या स्वतःनें नव्हे, तर त्याच्या आरशांतील प्रतिबिंबानें, म्हणजे संयुग्मी संख्येनें गुणावें लागतें. मग लांबीचा वर्ग दोन येतो आणि व्यवहार सुरळीत चालतो. फ्रान्सच्या हर्मित् यांनीं १८५५ सालीं दाखविलें कीं, जो आव्यूह आडवा-उभा उलटवून त्याच्या संख्यांचीं प्रतिबिंबें घेतलीं असतां पुन्हां तोच येतो, त्याचीं स्वमूल्यें संमिश्र संख्यांतून जन्मूनहि वास्तव असतात. अशा आव्यूहांना त्यांचेंच नांव मिळालें.

सिंग्युलर मूल्यांचा शोध प्रथम वास्तव संख्यांपुरता लागला. इटलींत बेल्ट्रामी यांनीं १८७३ सालीं आणि फ्रान्समध्यें जॉर्दां यांनीं १८७४ सालीं तो स्वतंत्रपणें लावला. संमिश्र आव्यूहांचे अवयव पाडण्याचें श्रेय ल्योंचे लेओं ओतॉन यांचें. त्यांचा यावरील विस्तृत निबंध १९१५ सालचा, म्हणजे महायुद्धाच्या धुमश्चक्रींतला. त्यापूर्वीं १९०९ सालीं शूर यांनीं सिद्ध केलें होतें कीं, कोणताहि चौरस संमिश्र आव्यूह योग्य वळण देऊन त्रिकोणी करतां येतो. आणि येथें एका आपल्या माणसाचें स्मरण केल्याविना पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. गोव्यांतील कोसबें येथें जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकवीत असतांना, १९४३ सालीं त्यांचा फलनांच्या अवकाशांतील संख्याशास्त्रावरचा लेख भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. यदृच्छया चढउतार करणाऱ्या वक्राचे परस्परलंब घटक पाडावयाचे आणि ते त्यांच्या वजनानुसार क्रमानें लावावयाचे, ही त्यांतील कल्पना सिंग्युलर मूल्यांची सख्खी भावंड होय. कार्हुनेन व लोएव्ह यांचे लेख त्यानंतरचे. तरी पुष्कळ वर्षें जगानें त्या दोघांचींच नांवें घेतलीं. कोसंबी इतिहासकार म्हणून घरोघर माहीत झाले, पण त्यांचें हें गणित महाराष्ट्रांतहि फारसें कोणाला ठाऊक नाहीं.

अवयव आहेत हें सिद्ध होणें निराळें आणि ते हिशेबानें हातीं येणें निराळें. पुस्तकी मार्ग असा: आव्यूहाला त्याच्याच प्रतिबिंबित रूपानें गुणावें, आलेल्या हर्मित् आव्यूहाचीं स्वमूल्यें काढावीं व त्यांचीं वर्गमुळें घ्यावीं. कागदावर तो निर्दोष आहे. यंत्रावर तो दगा देतो. समजा, यंत्र आठ अंकच ध्यानांत ठेवतें, आणि आव्यूहांत १ या संख्येच्या शेजारीं एकाचा लक्षांश आहे. गुणाकारांत त्या लक्षांशाचा वर्ग होऊन तो एकाचा दहा अब्जावा भाग झाला. एकांत तो मिळविला कीं आठ अंकांत कांहींच उरत नाहीं; उत्तर एकच. लहान सिंग्युलर मूल्य यंत्राच्या हातून कायमचें निसटलें. आणि भूगर्भाच्या अभ्यासांत लहान मूल्येंच बहुधा महत्त्वाचीं असतात.

यावर तोड निघाली ती अमेरिकेंत. हाउसहोल्डर यांनीं १९५८ सालीं आरशाची युक्ति सांगितली. आव्यूहाच्या एका स्तंभासमोर असा आरसा धरावा कीं, त्यांत पाहतां स्तंभाची पहिली संख्या सोडून बाकी सर्व शून्य दिसाव्यात. आरशानें लांब्या बदलत नाहींत, म्हणून चुकाहि फुगत नाहींत. आरसा धरण्याच्या दोन बाजू असतात, त्यांतील एक निवडली तर जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होऊन अंक वाया जातात. म्हणून दुसरीच निवडावयाची. संमिश्र संख्या असतील तर नुसत्या चिन्हाऐवजीं पहिल्या संख्येचा कोन पाहून निवड करावी लागते. १९६५ सालीं गोलब व काहान यांनीं असे आरसे डावीकडून व उजवीकडून आळीपाळीनें लावून आव्यूह फक्त दोन कर्णांवर आणून ठेवण्याची रीत दिली, आणि १९६९ सालीं बुसिंगर व गोलब यांनीं खास संमिश्र आव्यूहांसाठीं सिंग्युलर मूल्यांची कार्यपद्धति प्रसिद्ध केली. तिच्यांतील खरी मेख अशी कीं, दोन कर्ण उरले म्हणजे त्यांवरील संख्यांचे कोन एकेक करून काढून घेतां येतात व सगळ्या संख्या वास्तव होतात. दोन संमिश्र संख्यांच्या एका गुणाकाराला चार साधे गुणाकार पडतात. तेव्हां आवर्तनांचा पुढचा लांबलचक भाग वास्तव संख्यांत उरकणें ही मोठीच बचत होते. हीच रीत पुढें १९९२ सालच्या लॅपॅक या संग्रहांत शिरली, आणि त्यांतून ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोंचली. गोलब यांना आपल्या या अपत्याचा एवढा अभिमान होता कीं, त्यांच्या मोटारीच्या पाटीवर ‘प्रोफ एसव्हीडी’ अशी अक्षरें होतीं.

भूविद्युत्-चुंबकीय मापनाला या साऱ्याचा उपयोग उशिरां कळला. स्विफ्ट यांनीं १९६७ सालीं आव्यूह केवळ साध्या कोनांतून फिरवून त्याच्या कर्णावरच्या संख्या शक्य तितक्या लहान करण्याची पद्धत घातली. भूमीचे थर एका दिशेनें सारखे पसरलेले असतील तेथें ती पुरते. एगर्स यांनीं १९८२ सालीं स्वमूल्यांचा मार्ग धरला, आणि लातोराका, मॅडन व कोरिंगा यांनीं १९८६ सालीं सरळ सिंग्युलर मूल्यांचे अवयव पाडले. त्यांच्या रीतींत विद्युत्क्षेत्राला स्वतःचीं परस्परलंब अंगें मिळतात आणि चुंबकीय क्षेत्राला स्वतःचीं. भूमि वांकडीतिकडी असली तरी अवयव पडावयाचे राहत नाहींत.

परंतु शेतांत यंत्र मांडणाऱ्याला छळणारा शत्रु निराळाच असतो. विद्युदग्राजवळ ओलसर काळ्या मातीचा एखादा खळगा किंवा कुजलेल्या बेसाल्टचा पट्टा असला, कीं तो वरच्यावर विद्युत्क्षेत्र वांकवितो, आणि दहा किलोमीटर खोलीच्या वार्तेंत दहा मीटरांवरची कुरबुर मिसळते. ग्रूम व बेली यांनीं १९८९ सालीं यासाठीं निराळेच अवयव सुचविले. वरचा खळगा लहरीला उशीर करीत नाहीं, केवळ वळवितो. म्हणून त्याचा अवयव वास्तव. खालच्या भूमीचा अवयव संमिश्र. म्हणजे मोजलेला आव्यूह हा एका वास्तव व एका संमिश्र आव्यूहाचा गुणाकार. मोजलेल्या चार संमिश्र संख्यांत आठ वास्तव संख्या असतात. अज्ञातें मात्र नऊ: खळग्याचीं चार, खालच्या भूमीच्या दोन संमिश्र राशींचीं चार, आणि थरांच्या दिशेचा एक कोन. आठ समीकरणांतून नऊ अज्ञातें निघत नाहींत. तेव्हां खळग्याचीं दोन अज्ञातें खालच्या राशींच्या मोठेपणांत विलीन करून उरलेलीं सात काढावयाचीं. याची किंमत अशी पडते कीं, कोन व वेळेचा फरक विश्वासानें मिळतो, पण राशीचा निव्वळ मोठेपणा अनिश्चित राहतो, आणि त्याबरोबर थराची खोलीहि थोडी सैल होते. ती घट्ट करण्यास दुसऱ्या जातीचें मापन लागतें.

यानंतर भूमीचें प्रतिरूप कल्पून त्यांतून लहरी कशा जातील हें गणकयंत्रानें काढावें लागतें, आणि तेथें हजारो अज्ञातांचे आव्यूह येतात. ते संमिश्र असतात आणि आडवे-उभे उलटले तर तेच राहतात. परंतु प्रतिबिंब घेतलें तर राहत नाहींत. म्हणजे सममित, पण हर्मित् नव्हेत. फ्रान्सच्या तोफखान्यांतील भूमापक अधिकारी शोलेस्की यांनीं काढलेली सुंदर रीत यांना जशीच्या तशी लावतां येत नाहीं, कारण तिला सर्वत्र धन वर्गमुळें हवींत. शोलेस्की १९१८च्या ऑगस्टअखेर रणांगणावर पडले. त्यांची रीत १९२४ सालीं दुसऱ्यानें प्रसिद्ध केली. ती संमिश्र सममित आव्यूहांना लावण्यासाठीं वर्गमूळ टाळून व भाजक पारखून घेत तिचें रूपांतर करावें लागतें.

किल्लारीच्या भूमीनें काय सांगितलें? हैदराबादच्या संस्थेचे हर्ष गुप्ता, शर्मा, हरिनारायण व वीरूपाक्षी यांचा निबंध १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. भूकंपाच्या उगमाखालीं, सुमारें सहा ते दहा किलोमीटरांच्या पट्ट्यांत, एक अधिक वाहक भाग आढळतो, आणि तो भेगाळलेल्या खडकांत कोंडलेल्या द्रवाचा असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. द्रवाच्या दाबानें खडकाचें परस्परांवरील घर्षण सैल होतें. तसें असेल तर स्थिर पठारांत अवचित उठलेल्या धक्क्याला एक पटणारें कारण मिळतें. येथें दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. वाहकता हें मापन आहे. द्रव हें अनुमान आहे. ग्रॅफाइटसारखे पदार्थहि खडकाला वाहक करतात. गुप्ता यांचें अनुमान केवळ विद्युत् मापनावर उभें नव्हतें, इतर भूभौतिक खुणाहि त्यांनीं जोडल्या होत्या, म्हणून त्याला वजन आहे. तथापि उद्यांच्या धक्क्याची वेळ सांगण्याची शक्ति त्यांत नव्हती, आणि तशी ती आहे असें निबंधकारांनींहि म्हटलें नाहीं. घरें पुन्हां कोठें व कशीं बांधावीं हा प्रश्न बावन्न गांवांना तत्काळ सोडवावा लागला, आणि तो मुख्यतः भिंतींच्या व छपरांच्या ज्ञानानें सुटला.

नांदेडची गोष्ट थोडी निराळी आहे. २००६च्या अखेरीपासून पुढें कांहीं वर्षें या शहराखालीं लहान लहान धक्क्यांची माळ लागली. जमिनींतून गडगडाट ऐकूं येई आणि लोक घरांबाहेर धांवत. मोठें नुकसान झालें नाहीं, परंतु किल्लारीची आठवण ताजी असलेल्या मराठवाड्यांत तो आवाज लहान नव्हता. येथें जे आव्यूह लागले ते वास्तव संख्यांचे. धक्क्याचे अक्षांश, रेखांश, खोली आणि क्षण, अशीं चार अज्ञातें. मापकें जितकीं अधिक तितक्या ओळी. १९१० सालीं जर्मनींत गायगर यांनीं दिलेली ही मांडणी आजहि चालते. हिचे अवयव पाडले म्हणजे चार सिंग्युलर मूल्यें मिळतात, आणि सगळीं मापकें दूर असलीं तर त्यांतील एक जवळजवळ शून्य निघतें. कारण दूरच्या मापकाला धक्का थोडा खोल होता काय, कीं थोडा आधीं झाला होता, हें ओळखतां येत नाहीं. खोलीचा स्तंभ व वेळेचा स्तंभ एकमेकांना समांतर होतात. त्या आव्यूहांत कितीहि अचूक हिशेब केला तरी खोली हातीं लागत नाहीं. १९९३ सालीं किल्लारीला सर्वांत जवळचें मोठें ठाणें म्हणजे सुमारें दोनशें किलोमीटरांवरचें हैदराबाद. नांदेडला मात्र तात्पुरतीं मापकें शहरांतच, धक्क्यांच्या डोक्यावर नेऊन बसविण्यांत आलीं. तेव्हां ते स्तंभ समांतर राहिले नाहींत, आणि धक्के अगदीं उथळ आहेत, शहराच्या खालींच उठत आहेत, हें निश्चित झालें.